पॅनेल, तीन मतं आणि बाबासाहेबांनी बदललेलं मत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण पूर्ण वाचा. अर्धी वाचून कमेंट करू नका, कारण भांडण अर्ध्या गोष्टीवरूनच सुरू झालंय.

परवा स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा घेत होतो. नांदेडकडं जाणारी गाडी लेट होती, आणि गाडी लेट असली की आपल्या चुडाव्यात राजकारणाला तोटा नसतो. एक कॉलेजातला पोरगा म्हणाला, "आपल्याकडं प्रमाणशीर पद्धत आणायला पाहिजे. जेवढी मतं तेवढ्या जागा." शेजारी एक रिटायर्ड गुरुजी बसलेले. ते लगेच म्हणाले, "बाळा, हे आपल्या देशात चालत नाही. बाबासाहेबांनीच घटना समितीत नको म्हणून सांगितलंय." पोरगा गप्प बसला. पुढं बोलायचं काय?

गुरुजी खोटं बोलले नाहीत. पण ते सांगत होते ती गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी आपल्या भागात फारशी कुणाला माहीत नाही, म्हणून ही पोस्ट.

आधी मुद्दा समजून घेऊ. आत्ता आपल्याकडं ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो. त्याला १०० पैकी ३५ मिळाली आणि बाकीची ६५ चौघांत वाटली गेली, तरी जागा त्याचीच. ६५ लोकांच्या हातात काही राहत नाही. प्रमाणशीर पद्धतीत जागा मतांच्या हिश्शानं वाटायच्या. एवढाच फरक, पण त्यानं अख्खं राजकारण बदलतं.

हे कोणत्या एका पक्षाचं रडगाणं नाही, हे आधीच सांगतो. २०२४ च्या विधानसभेला काँग्रेसला राज्यात साधारण १२.४ टक्के मतं पडली आणि जागा आल्या १६. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेलाही साधारण १२.४ टक्केच पडली, जागा आल्या ५७. शिवसेनेनं तर काँग्रेसपेक्षा कमी ठिकाणी उमेदवार दिले होते. आता उलटं बघा. त्याच वर्षी लोकसभेला राज्यात आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचासुद्धा फरक नव्हता. पण ४८ पैकी ३० जागा आघाडीला गेल्या आणि १७ महायुतीला. सहा महिन्यांत ज्यांनी पद्धतीला शिव्या घातल्या त्यांनी पेढे वाटले, आणि ज्यांनी पेढे वाटले त्यांनी शिव्या घातल्या. १९५२ ची पहिली लोकसभा घ्या. काँग्रेसला ४५ टक्के मतं आणि ४८९ पैकी ३६४ जागा. म्हणजे दुखणं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

आता बाबासाहेबांकडं येऊ. गोष्ट चार वर्षांची आहे: १९३७, १९४९, १९५२ आणि १९५५. चारही लक्षात ठेवा.

१९३७. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याखाली प्रांतांच्या निवडणुका झाल्या. पुणे करार होऊन पाच वर्षं झाली होती. करारानं दलितांना राखीव जागा दिल्या, पण मतदार सगळे एकत्र. अडचण उघड होती. जागा राखीव असली तरी निवडून कोण येणार हे बहुसंख्याकांच्या मतांवर ठरणार. मुंबई इलाख्यात त्यावर एक तोड होती, संचयी मतदान. मतदारसंघात दोन-तीन जागा असल्या तर मतदाराला तेवढी मतं, आणि ती सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पदरात टाकायची मुभा. तीन मतं तीन जणांना द्या, नाहीतर तिन्ही एकालाच द्या, मर्जी तुमची. त्यामुळं संख्येनं कमी असलेल्या समाजालाही आपली मतं साठवून आपला माणूस निवडून आणता यायचा. बाबासाहेब त्या वेळी मुंबईत भायखळा-परळ भागातून उभे राहिले, स्वतंत्र मजूर पक्षाकडून. समोर काँग्रेसनं उभे केले होते पळवणकर बाळू, त्या काळातले मोठे क्रिकेटपटू, तेही दलित समाजातलेच. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली आणि बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

१९४९. आता तेच बाबासाहेब घटना समितीत मसुदा समितीचे अध्यक्ष. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लोकसभेची निवडणूक कशी घ्यायची यावर चर्चा झाली. मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली, की निवडणूक प्रमाणशीर पद्धतीनं व्हावी, मतदारसंघ अनेक जागांचे असावेत आणि मतदान संचयी असावं. थोडक्यात, १९३७ ला मुंबईत जे होतं त्याच जातीची गोष्ट अख्ख्या देशाला मागितली. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांची मुख्य कारणं दोन. एक, ही पद्धत चालवायला मतदाराला निदान आकडे तरी वाचता यायला पाहिजेत, आणि आपला बहुसंख्य मतदार निरक्षर आहे. दोन, यात सभागृहात इतके तुकडे होतील की सरकार टिकणार नाही. आणि नव्या देशाला टिकणारं सरकार पाहिजे होतं. ठराव पडला. गुरुजी सांगत होते ती गोष्ट इथपर्यंतची.

ही कारणं त्या काळात हलकी नव्हती हेही मान्य करू. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. आपण तर तेव्हा महाराष्ट्रातही नव्हतो, हैदराबाद राज्यात होतो. निजामाचं राज्य जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. पहिल्या निवडणुकीला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह चिकटवायची वेळ आली, ती त्यामुळंच.

१९५२. ही निवडणूक मात्र नीट बघा. लोकसभेचे काही मतदारसंघ तेव्हा दुहेरी होते, एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं. पण १९३७ ची ती मुभा गेली होती. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. एकाच मतदाराच्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत सापडल्या तर दुसरी बाद. उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले आणि त्यांच्या जोडीला सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. निकाल लागला. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतांनी निवडून आले. बाबासाहेबांना १,२३,५७६. साडेचौदा हजारांनी घटनेचा शिल्पकार पडला. अशोक मेहताही पडले.

त्यानंतर दोघांनी निवडणूक अर्ज दाखल केला. त्यात म्हणणं होतं की ७४,३३३ मतं बाद धरली गेली. कम्युनिस्ट पक्षाच्या डांग्यांच्या बाजूनं मतदारांना दुसरं मत वाया घालवायला सांगितलं गेलं, असा त्यांचा आरोप होता. अर्ज फेटाळला गेला. आरोप खरा की खोटा, यात मी पडत नाही. संचयी मतदान असतं तर निकाल उलटा लागला असता असंही म्हणत नाही, कारण मग डांग्यांच्या मतदारांनीही मतं साठवली असती. माझा मुद्दा एवढाच, की साडेचौदा हजारांच्या निकालात चौऱ्याहत्तर हजार मतं मोजणीबाहेर राहिली. बाबासाहेबांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं, अंगावर घेतलेलं होतं. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते पडले. तोही मतदारसंघ दुहेरीच.

१९५५. आता चौथं वर्ष, आणि हेच हॉटेलात कुणी सांगत नाही. भाषावार राज्यांचा वाद पेटला होता. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मराठी मुलखाचे चार भाग सुचवले होते, आणि आपला परभणी जिल्हा त्यातल्या मध्य महाराष्ट्रात घातला होता. पण त्याच पुस्तकात अल्पसंख्याकांविषयी एक भाग आहे. त्यांची काळजी साधी होती. प्रत्येक मुलखात एक मोठी जात असते, गावातली बहुतेक जमीन तिच्या हातात असते. बाकीच्या लहान जाती विखुरलेल्या आणि पोटासाठी तिच्यावरच अवलंबून. राज्य झालं की सत्ता त्या मोठ्या जातीच्या हातात जाणार. मग लहानांनी करायचं काय? त्यांचं उत्तर स्वतंत्र मतदारसंघ नव्हतं, राखीव जागाही नव्हतं. उत्तर होतं, एका जागेच्या मतदारसंघाऐवजी दोन किंवा तीन जागांचे मतदारसंघ करा आणि संचयी मतदान ठेवा.

म्हणजे १९४९ ला करीमुद्दीन जे मागत होते आणि जे बाबासाहेबांनी नाकारलं, तेच सहा वर्षांनी बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. पुढच्या वर्षी ६ डिसेंबरला ते गेले. दुहेरी मतदारसंघही फार टिकले नाहीत. आपल्या शेजारच्या नांदेडला १९५७ मध्ये दुहेरी मतदारसंघातून काँग्रेसचे देवराव कांबळे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहर सोनुले असे दोन पक्षांचे दोन खासदार गेले. त्याच निवडणुकीत आंध्रात पार्वतीपुरमला व्ही. व्ही. गिरी पडले, कारण राखीव जागा भरल्यावर उरलेली जागाही जास्त मतं घेतलेल्या आदिवासी उमेदवारालाच मिळाली. कोर्टबाजी झाली, आणि १९६१ ला कायदा करून दुहेरी मतदारसंघच बंद केले. ते बंद झाले आणि मतं साठवायची चर्चाही त्यांच्याबरोबर गेली.

गुरुजींचा मान ठेवून म्हणतो, बाबासाहेब नको म्हणाले हे खरं. पण ते नंतर हो म्हणाले हेही खरं. मोठा माणूस अनुभवानं मत बदलतो. आपण मात्र त्याचं जुनं मत धरून बसतो, कारण ते सोयीचं असतं.

आता म्हणाल, दिल्ली-मुंबईचं आम्हाला काय? तर दिल्लीचं सोडा, गावाचं बघू.

आपल्या ग्रामपंचायतीत वॉर्ड दोन-तीन जागांचे असतात. मतदाराला जागा तेवढी मतं, पण एका उमेदवाराला एकच. म्हणजे १९५२ चीच पद्धत आपल्या गल्लीत चालू आहे. हिशेब करू. समजा वॉर्डात ६०० मतदान झालं. एका पॅनेलकडं ३३० माणसं, दुसऱ्याकडं २७०. पहिल्या पॅनेलच्या तिन्ही उमेदवारांना ३३०, दुसऱ्याच्या तिघांना २७०. निकाल तीन विरुद्ध शून्य. गुलाल एकाच बाजूला. १०० पैकी ४५ माणसांचा पंचायतीत एकही माणूस नाही, पाच वर्षं.

माझ्या मावशीच्या गावात असंच झालं. गावाचं नाव लिहीत नाही, भांडणं नकोत. नळाची पाईपलाईन मुख्य रस्त्यानं आली आणि पडलेल्या पॅनेलच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. मावशी म्हणायची, "बाबा, आपण मत दिलं ते पाण्यात गेलं म्हणतात. पण पाणी कुठंय?" मासिक सभेत विचारणाराच कुणी नव्हता. सगळेच्या सगळे सदस्य एकाच घरच्या ओसरीवर बसणारे. मग लोकांनी काय केलं? पुढच्या वेळी निम्मे लोक जिंकणाऱ्या पॅनेलमागं गेले. पटलं म्हणून नाही, पाणी पाहिजे म्हणून. बाबासाहेबांनी १९५५ ला लिहिलेली भीती हीच होती.

आता तेच ६०० मतदार आणि संचयी मतदान घ्या. प्रत्येकाला तीन मतं, कशीही द्या. २७० वाल्यांकडं ८१० मतं झाली. ती सगळी एका उमेदवाराला दिली की तो निवडून आलाच. समोरच्यांकडं ९९० मतं आहेत, पण तिन्ही जागा घ्यायच्या तर तिघांनाही ८१० च्या वर न्यावं लागेल, ते जमत नाही. त्यामुळं दोन जागा मोठ्या पॅनेलला, एक लहानाला. तीन जागांच्या वॉर्डात एक चतुर्थांशापेक्षा जास्त लोक एकजुटीनं उभे राहिले तर त्यांचा एक माणूस कुणी अडवू शकत नाही. उलट, मोठ्या पॅनेलनं लोभ करून तीन उमेदवार दिले आणि मतं ३३०-३३० अशी फोडली, तर २७० वाले दोघांना ४०५-४०५ देऊन दोन जागा घेऊन जातील. म्हणजे हावरेपणाला शिक्षाही आहे.

हे हवेतलं गणित नाही. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात खालच्या सभागृहासाठी १८७० ते १९८० अशी ११० वर्षं नेमकी हीच पद्धत होती, तीन जागांचे मतदारसंघ आणि तीन मतं. जवळजवळ प्रत्येक भागातून दोन एका पक्षाचे, एक दुसऱ्याचा. बंद झाली तीही ती वाईट ठरली म्हणून नाही. आमदारांनी स्वतःची पगारवाढ करून घेतली, लोक चिडले आणि सभागृह लहान करायच्या ठरावात ही पद्धत वाहून गेली.

आता विरोधातले मुद्दे. ते मी टाळणार नाही, कारण त्यात दम आहे.

पहिला, लोकांना समजणार नाही. १९४९ ला हे बरोबर होतं. आज राज्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेनुसार ८२ टक्के आहे. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात आपलेच लोक १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकतात. २० जून २०२२ ला विधान परिषदेला काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतला निघाले, तेव्हा तर 'कोटा' आणि 'पसंती' हे शब्द प्रत्येक हॉटेलात पोचले. राष्ट्रपती, राज्यसभा, विधान परिषद, सगळीकडं घटनेनंच प्रमाणशीर पद्धत ठेवलीय. महापालिकेच्या स्थायी समितीत सदस्य तौलनिक संख्याबळानं घेतात. म्हणजे पुढाऱ्यांनी आपसात वाटायचं तेव्हा हिस्सा मतांप्रमाणं. जनतेनं निवडायचं तेव्हा मात्र सगळं एकालाच.

दुसरा, सरकार टिकणार नाही. विधानसभेसाठी हा मुद्दा मी गंभीर मानतो. म्हणून मी आज विधानसभा-लोकसभेसाठी ही पद्धत मागत नाही. विधी आयोगानं १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा पाव हिश्शानं वाढवून त्या यादी पद्धतीनं भराव्यात असं सुचवलं होतं. नेपाळात आज २७५ पैकी ११० जागा तशा भरतात. न्यूझीलंडनं १९९३ ला जनमत घेऊन पद्धत बदलली आणि २०११ ला पुन्हा मत घेऊन तीच ठेवली. त्याच २०११ साली इंग्लंडात मतपद्धत बदलायचा ठराव लोकांनी दोन तृतीयांश मतांनी फेटाळला. दोन्ही बाजूंनी शहाणी माणसं आहेत. पण ग्रामपंचायतीत सरकार पडायचा प्रश्नच कुठं येतो? सरपंच थेट जनतेतून. ती पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. सरपंच लोकांनी निवडलेला, तो बसलेलाच आहे. सदस्य दोन्ही बाजूंचे आले तर सभेत प्रश्न विचारले जातील, एवढंच होईल.

तिसरा, जात आणखी घट्ट होईल. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. मतं साठवायची म्हटल्यावर लोक जातीवरच साठवतील, ही भीती खरी आहे. पण आत्ता काय वेगळं आहे? आत्ताही पॅनेल जातीचा हिशेब करूनच बनतं. फरक एवढाच, की आत्ता लहान समाजाचा माणूस मोठ्या पॅनेलच्या मेहरबानीनं उभा राहतो आणि निवडून आल्यावर पॅनेलप्रमुखाच्या तोंडाकडं बघतो. साठवलेल्या मतांवर आलेला माणूस निदान आपल्या मतदाराकडं बघेल.

चौथा, राखीव आणि महिलांच्या जागांचं काय? आत्ता प्रत्येक जागेला वेगळं मतदान होतं. ते एकत्र करावं लागेल. आधी राखीव जागेवर त्या प्रवर्गातला सगळ्यात जास्त मतांचा उमेदवार जाहीर करायचा, मग उरलेल्या जागा. दुहेरी मतदारसंघात असंच करायचे. गिरींच्या वेळी झालं तसं थोडं डोकं खाजवावं लागेल, पण जमण्यासारखं आहे. यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. पंचायतीच्या निवडणुकीचे नियम करायचा अधिकार घटनेनं राज्याच्या विधिमंडळाला दिलाय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. देशाची पद्धत बदलायची की नाही यावर आपण आणखी वीस वर्षं भांडू. पण वॉर्डात तीन जागा आणि तीन मतं आधीपासून आहेत. "एका उमेदवाराला एकच मत" ही अट काढा. जिथं लहानाला सगळ्यात जास्त मार बसतो, तिथून सुरुवात करा. जिल्हा परिषद, नगरपरिषद नंतर बघू. तुमच्या आमदाराला, जिल्हा परिषद सदस्याला, पुढच्या निवडणुकीला हात जोडत येणाऱ्याला हे विचारा. बहुतेकांना आवडणार नाही. ज्याचं पॅनेल आज जोरात आहे त्याला कशाला आवडेल? पण पॅनेल कुणाचंच कायम जोरात राहत नाही, हे चुडाव्यात कुणाला सांगायची गरज नाही.

आणि हॉटेलातल्या त्या पोराला सांगतो. भाऊ, पुढच्या वेळी गप्प बसू नको. गुरुजींना म्हण, "गुरुजी, १९४९ चं बरोबर सांगितलंत, आता १९५५ चं ऐका." गुरुजी मोठ्या मनाचे आहेत, ऐकतील. नाही ऐकलं तर चहाचे पैसे माझ्याकडून.

कमेंटमध्ये मत लिहा. विरोधात असलं तरी लिहा, फक्त कारण द्या. आणि कुठल्या गावात एकाच पॅनेलच्या सगळ्या जागा आल्या नि पाच वर्षं काय झालं, हे लिहायचं असेल तर गावाचं नाव न घेता लिहा. नावं आली की मूळ मुद्दा मागं पडतो.